शब्द देणारी कुळं आणि गुप्त मतपत्रिका : बॉरिसच्या कॅव्हनाचं प्रकरण

१८८० च्या सार्वत्रिक निवडणुकीत आयर्लंडमधल्या कार्लो काउंटीतून बॉरिस गावचा जमीनदार आर्थर मॅकमरो कॅव्हना पडला. तो हुजूर पक्षाचा होता, आणि त्या वर्षी हुजूर पक्ष सगळीकडेच आपटला होता. तेव्हा नुसत्या पडण्यात विशेष काही नव्हतं. विशेष होतं ते निकालानंतरचं. त्याच्या इस्टेटीच्या परिसरात आनंदाच्या होळ्या पेटल्या आणि त्यांच्याभोवती त्याचीच कुळं जमली. यातल्या बहुतेकांनी मत देण्याचा शब्द दिला होता. पराभवापेक्षा आपल्या माणसांनी शब्द फिरवला याचाच सल त्याला जास्त होता.

कुळांना नाडणारा जमीनदार पडला असता तर या प्रकरणात अभ्यासासारखं काहीच नव्हतं. हा नाडणारा नव्हता. गावं बांधणं, रेल्वे आणणं, दुसऱ्या धर्माच्या गरिबांना प्रार्थनेची जागा मिळवून देणं, अशी चांगल्या जमीनदाराची जी यादी त्या काळी सांगितली जायची, ती याने जवळजवळ पुरी केली होती. तरी कुळांनी पाठ फिरवली. कारण शोधायचं तर त्याच्या स्वभावात शोधून उपयोग नाही. कुळाचा कब्जा, मतदानाची पद्धत आणि इस्टेटीचा जमाखर्च, या तीन ठिकाणी ते सापडतं.

घराणं

आयर्लंडमधले बहुतेक बडे जमीनदार सोळाव्या-सतराव्या शतकात इंग्रजी सत्तेबरोबर आलेले, म्हणून ‘उपरे’ ही शिवी त्यांना सहज चिकटायची. कॅव्हनांना ती चिकटत नव्हती. त्यांचा वंश लेन्स्टर प्रांताच्या गेलिक, म्हणजे मूळच्या आयरिश, राजांचा. बाराव्या शतकात नॉर्मनांना मदतीला बोलावणारा डिअरमड मॅकमरो याच कुळीतला, आणि चौदाव्या शतकाच्या शेवटी इंग्लंडच्या दुसऱ्या रिचर्डला जेरीस आणणारा आर्ट मॅकमरोही. एकाने परक्याला घरात घेतलं, दुसऱ्याने त्याच्याशी झुंज दिली. आयरिश माणूस या घराण्याकडे पाहताना दोघांनाही विसरत नसे.

घराणं बराच काळ कॅथलिक राहिलं आणि उशिरा प्रॉटेस्टंट झालं. यामागे श्रद्धा किती होती हे बाजूला ठेवा; कायदा मात्र डोळ्यांत भरणारा होता. १७०४ च्या कायद्यानुसार कॅथलिक मालकाची जमीन त्याच्या पश्चात सगळ्या मुलांत सारखी वाटली जायची. थोरल्याने धर्म बदलला तरच ती अखंड त्याच्याकडे जायची. वाटण्या झाल्या की दोन-तीन पिढ्यांत इस्टेटीचे तुकडे. आपल्याकडे सातबाऱ्यावर एकेका गटाला पंधरा नावं लागलेली ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे फोड करून सांगायला नको. पुढे हा जाच सैल झाला, पण तोवर त्याने आपलं काम केलं होतं.

आर्थरचे वडील थॉमस हेही कार्लोचे खासदार. त्यांच्या १८३५ च्या निवडणुकीचा मामला इथे कामाचा आहे. मद्रासमध्ये जन्मलेला, आर्मेनियन व्यापारी घराण्यातला श्रीमंत कॅथलिक अलेक्झांडर रॅफेल त्यांच्याविरुद्ध उभा राहिला. त्याला आणलं आयरिश कॅथलिकांचा पुढारी डॅनियल ओकॉनेलने. बोली अशी, की उमेदवारी जाहीर होताच १,००० पौंड आणि निवडून आल्यावर आणखी १,००० पौंड. रॅफेल निवडून आला, पण निकालाविरुद्धच्या तक्रार अर्जावर त्याची निवड रद्द झाली आणि जागा थॉमस कॅव्हनांना मिळाली. चिडलेल्या रॅफेलने व्यवहाराचा पत्रव्यवहारच छापला. चौकशी समितीने ओकॉनेलने स्वतः पैसा खाल्ला नाही असं ठरवलं, पण काउंटीची जागा काय भावाने जाते ते सगळ्या जगाला कळलं. मतदार थोडे, मतदान उघड, आणि प्रत्येक मतामागे एक मालक: हा त्या काळचा साचा.

थॉमस १८३७ मध्ये वारले. आर्थर तेव्हा सहा वर्षांचाही नव्हता.

हातपाय नसलेला मुलगा

२५ मार्च १८३१ ला बॉरिस हाउसमध्ये जन्मलेल्या या मुलाला हातपाय जवळजवळ नव्हतेच. दंडांचे आणि मांड्यांचे आखूड खुंट, एवढंच. थोरले भाऊ असल्यामुळे वारसाचा प्रश्न नव्हता. एखाद्या बंद खोलीत त्याचं आयुष्य गेलं असतं तरी कोणी आश्चर्य केलं नसतं. ते झालं नाही याचं श्रेय आई लेडी हॅरिएट आणि गावचे डॉक्टर बॉक्सवेल यांना. लेडी हॅरिएट क्लॅनकार्टीच्या अर्लची मुलगी. मुलाला इतरांसारखंच वाढवायचं, हा दोघांचा हेका.

त्याच्या घोडेस्वारीचं तंत्र पाहण्यासारखं आहे. साधं खोगीर उपयोगाचं नाही, कारण मांडी आवळून बसायला मांडीच नाही. म्हणून खुर्चीच्या आकाराचं खोगीर करून त्यात त्याला पट्ट्यांनी जखडायचे आणि लगाम दंडाच्या खुंटांनी सांभाळायचा. घोडा उधळला किंवा कोसळला तर उडी मारून सुटण्याची सोय नाही. पट्टा सैल ठेवावा तर तोल जातो, आवळावा तर घोड्याबरोबर खाली. बंदुकीला चापाभोवतीची कडी काढून टाकलेली असे. नळी डाव्या खुंटावर टेकवायची आणि उजव्या खुंटाच्या हिसक्याने चाप ओढायचा. लिहिणं, चित्र काढणं, मासे धरणं हेही त्याने जमवलं. १८४८ च्या बंडाच्या वेळी सतरा वर्षांचा हा मुलगा रात्री एकटा घोड्यावरून टेहळणीला जात असे.

१८४६ ते १८४८ या काळात आईने मुलांना घेऊन इजिप्त, सिनाई, जेरुसलेम असा प्रवास केला. तिने जमवलेल्या इजिप्शियन वस्तू पुढे आर्थरने रॉयल आयरिश अकादमीला दिल्या. आज त्या डब्लिनच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. चाळीसच्या दशकातल्या बटाट्याच्या मोठ्या दुष्काळानंतर गावच्या बायकांच्या हाती चार पैसे यावेत म्हणून तिने परदेशातल्या नमुन्यांवरून लेस विणायला शिकवली. ‘बॉरिस लेस’ या नावाने तो धंदा बरीच वर्षं चालला. इस्टेट चालवायला ही बाई कुठल्याही पुरुषाइतकीच लायक होती, आणि तिचा रागही तसाच.

औरंगाबाद आणि पुणे

१८४९ मध्ये इस्टेटीवरच्या मुलींशी आर्थरची प्रकरणं आईच्या कानावर गेली. तिने त्याला भाऊ थॉमस आणि एका पाद्री शिक्षकाबरोबर देशाबाहेर धाडून दिलं. स्कँडिनेव्हिया, रशिया, व्होल्गावरून कॅस्पियन, मग इराण आणि शेवटी मुंबई. वाटेत आजारपण झालं, आणि इराणात एका सरदाराच्या जनानखान्यात मुक्कामही. बातमी घरी पोचल्यावर आईने पतपत्र रद्द केलं असं म्हणतात. भाऊ आजारी पडून वारला. खिशात ३० शिलिंग उरलेले असताना विशीतला हा मुलगा औरंगाबाद भागात ईस्ट इंडिया कंपनीच्या डाकेचा स्वार झाला. हातपाय नसलेल्या माणसाने खुर्चीच्या खोगीरात बसून दख्खनच्या रस्त्यांवर सरकारी टपाल वाहिलं. त्यानंतर पुणे जिल्ह्याच्या सर्व्हे खात्यात नोकरी.

चरित्रांत ही नोकरी धाडसाचं एक पान म्हणून उरकली जाते. आपण मात्र इथे थांबायला हवं. पुण्याचं सर्व्हे खातं त्या वर्षांत जे करत होतं, त्याच्याशीच तीस वर्षांनी त्याची आयर्लंडमध्ये गाठ पडणार होती.

गोल्डस्मिड आणि विंगेट यांची जमाबंदी १८३६ मध्ये इंदापूर तालुक्यापासून सुरू झाली आणि १८४७ च्या संयुक्त अहवालाने तिचे नियम पक्के झाले. पद्धत अशी. ३३ फुटी साखळी, तिचे १६ आणे. साखळीभर लांब आणि साखळीभर रुंद म्हणजे एक गुंठा, ४० गुंठ्यांचा एकर. शेताला सर्व्हे नंबर आणि बांधाला खुणेचे दगड. मग प्रतबंदी: मातीचा रंग, पोत आणि खोली पाहून नऊ प्रती, पहिल्या प्रतीला १६ आणे धरून पुढे उतरत जायचं. खडे, चोपण, उतार असले तर आणखी खाली. त्यावरून आकार ठरायचा आणि तो ३० वर्षं हलायचा नाही. सारा भरतोय तोवर खातेदाराला कोणी उठवू शकत नाही. जमीन तो विकू शकतो, गहाण टाकू शकतो, मुलांना देऊ शकतो. मधे जमीनदार नाही.

थोडक्यात, ठरलेली रक्कम, कायम कब्जा आणि विकण्याचा हक्क या तिन्ही गोष्टी इंदापूरच्या शेतकऱ्याला कागदावर होत्या. बॉरिसच्या कुळाला यातली एकही नव्हती. हे दिसणारा तो एकटाच नव्हता. हिंदुस्थानात मुलकी कारभार केलेला जॉर्ज कॅम्बेल १८६९ मध्ये आयर्लंड फिरला आणि त्याने आयरिश कुळांच्या हक्कांवर लिहिलं. पंतप्रधान ग्लॅडस्टनच्या १८७० च्या आयरिश जमीन कायद्यामागे त्या लिखाणाचा हात होता.

दख्खनची पद्धत सोन्याची होती असं मात्र कोणी समजू नये. विकण्याचा हक्क आला की गहाणाचा हक्क येतो, आणि गहाणामागे सावकार येतो. तीस वर्षं संपल्यावर इंदापूरचा आकार एकदम चढवला गेला, कापसाचे भाव उतरले, आणि मे १८७५ मध्ये सुप्याच्या बाजारात सावकारांच्या वह्या जळाल्या.

इस्टेट कशी चालली

१८५३ पर्यंत दोन्ही थोरले भाऊ गेले आणि धाकटा वारस झाला. कार्लो, वेक्सफर्ड आणि किलकेनी या तीन काउंट्यांत मिळून सुमारे २८,००० एकर. त्यातले सोळा हजारांवर कार्लोत. १८५५ मध्ये त्याने नात्यातल्याच फ्रान्सिस लेदलीशी लग्न केलं.

दुष्काळ नुकताच सरला होता. बॉरिस आणि बॅलीरॅगेट ही त्याच्या मालकीची दोन गावं मोडकळीला आलेली. त्याने ती नव्याने बांधायला घेतली, लाकूड कापायची गिरणी घातली. घरांच्या आराखड्यांत बायकोचा हात होता. त्यातली एक मेख सांगतो. आयर्लंडमध्ये गरीब-कराचा अर्धा भाग कूळ भरायचं, अर्धा मालक; पण ज्या धारणेचं मूल्यांकन ४ पौंडांच्या आत, तिचा सगळा कर मालकाच्या डोक्यावर. त्यामुळे छोट्या झोपड्या पाडणं हा पुष्कळ मालकांसाठी कर वाचवण्याचा मार्ग झाला होता. जिथे पाडण्यात फायदा होता तिथे कॅव्हनाने बांधलं, आणि हे त्याच्या खात्यावर जमा धरलंच पाहिजे.

रेल्वेचं काम तितकं सरळ गेलं नाही. बॅगनल्सटाउन ते वेक्सफर्ड मार्गासाठी त्याने जमीन दिली, पैसा घातला, कारभारातही लक्ष घातलं. १८५८ मध्ये गाडी बॉरिसला पोचली. गावाजवळच्या दरीवर १६ कमानींचा दगडी पूल उभा राहिला. तो आजही आहे. पण मार्ग पुढे वेक्सफर्डला पोचण्याआधीच कंपनी बसली आणि १८६४ मध्ये गाड्या थांबल्या. जे चुकलं ते नेहमीचंच. रेल्वे दोन बाजारपेठा जोडते तेव्हा चालते. एका टोकाला शेत आणि दुसऱ्या टोकालाही शेत असेल तर पुलाचं व्याजसुद्धा निघत नाही. दुसऱ्या कंपनीने घेऊन पुढे जोडल्यावर सत्तरच्या दशकात मार्ग पुन्हा सुरू झाला.

न्यू रॉसच्या गरीब-कायदा मंडळाचा तो अध्यक्ष होता. तिथल्या अनाथगृहवजा कामघरात कॅथलिकांसाठी प्रार्थनाघर त्याच्यामुळे झालं. प्रॉटेस्टंट जमीनदाराकडून हे अपेक्षित नव्हतं. बॉरिसच्या चौकातल्या जुन्या ओकखाली बसून तो कुळांचे तंटे ऐकायचा: बांध, गुरं, वाटण्या, मुलीचं लग्न. गावच्या पारासारखंच. मात्र पारावर पंच पाच असतात, आणि निकाल पटला नाही तर माणूस उठून जातो. ओकखाली पंच एकच होता, आणि सहा महिन्यांच्या नोटिशीने घर खाली करून घेण्याचा हक्कही त्याच्याच हातात.

कुळाची खरी स्थिती तीच होती. बहुतेक धारणा ‘साल दर साल’. घर कुळाने बांधलेलं, दगड वेचून शेत त्याने केलेलं, निचऱ्याचे चर त्याने खणलेले. खंड वाढवला तर भरायचा, नाही तर उठायचं. कॅव्हना वाढवत नसेलही, उठवत नसेलही. पण तो मेल्यावर? त्याने इस्टेट गहाण टाकली तर? उत्तरेकडच्या अल्स्टर प्रांतात कुळाला आपला हक्क पुढच्या कुळाला विकण्याची रूढी होती. दक्षिणेत ती सरसकट नव्हती. १८७० च्या कायद्याने सुधारणांची आणि बेदखलीची भरपाई दिली, कॅव्हनाने त्याला पाठिंबाही दिला. परंतु खंड थकल्यामुळे काढलेल्या कुळाला बेदखलीची भरपाई सहसा नाही. वाईट वर्षी नेमका खंडच थकतो.

पार्लमेंट

१८६६ मध्ये वेक्सफर्ड काउंटीच्या पोटनिवडणुकीत तो निवडून आला, आणि १८६८ पासून कार्लोचा खासदार झाला. सभागृहापर्यंत चाकाच्या खुर्चीतून, तिथून नोकराच्या पाठीवरून बाकापर्यंत. पोशाख झग्याचा, खुंट झाकणारा. पहिलं भाषण एप्रिल १८६९ मध्ये, विषय आयर्लंडचा गरीब-कायदा. म्हणजे ज्या कामाची त्याला पक्की माहिती होती त्याच कामावर. तो फार बोलत नसे. ‘ईव्हा’ या आपल्या शिडाच्या नौकेतून तो लंडनला यायचा. तिच्यातून केलेल्या सफरीवर १८६५ मध्ये त्याचं पुस्तकही निघालं होतं. आयरिश चर्चचा सरकारी दर्जा काढण्याला त्याचा विरोध होता, आणि आयर्लंडला स्वतःची पार्लमेंट देणाऱ्या होमरूललाही.

त्याच्याबद्दल एक किस्सा सांगतात. वर्षांनी कुठल्याशा स्टेशनवर उतरल्यावर यजमानांना तो म्हणाला, आश्चर्य आहे, इतक्या काळाने येऊनही स्टेशनमास्तरने मला ओळखलं! खरा असो वा रचलेला, माणूस स्वतःकडे कसा पाहत होता ते यात बरोबर उतरलं आहे. आणि थोडी भीतीही वाटते: लोक आपल्याकडे कसं पाहतात याचा अंदाज त्याला लागत नव्हता, हेही त्यात आहे.

मत फिरलं कसं

१८६८ आणि १८८० यांच्या मधे १८७२ चा गुप्त मतदानाचा कायदा येतो. त्याआधी मतदार टेबलापुढे उभा राहून उमेदवाराचं नाव मोठ्याने सांगायचा, कारकून ते वहीत लिहायचा आणि मालकाचा कारभारी शेजारी उभा असायचा. मतदार कोण, तर १८५० च्या कायद्यानुसार काउंटीत १२ पौंड मूल्यांकनाची जमीन धारण करणारा. म्हणजे शेतमजूर नव्हे. हप्त्याने खंड भरणारं, गमावण्यासारखं काही असलेलं मध्यम कूळ. त्याच्यावर दाब टाकायला धमकी लागतच नसे. वही पुरायची.

१८७४ ला मतपत्रिका गुप्त होती, तरी कॅव्हना निवडून आला. म्हणून गुप्त मतदानाने त्याला पाडलं एवढंच म्हणणं अपुरं आहे. पेटी आली होती, पण पेटीत टाकायला कारण १८७९ ने दिलं. पीक बुडालं, अमेरिकन धान्याने भाव पाडले, आणि ऑक्टोबर १८७९ मध्ये डब्लिनला लँड लीग ही कुळांची संघटना उभी राहिली. कुळाच्या हातात प्रथमच एक आकडा आला: ‘ग्रिफिथ’. रिचर्ड ग्रिफिथने कर आकारणीसाठी केलेलं हे मूल्यांकन दुष्काळाच्या सुमाराच्या पडत्या भावांवर बेतलेलं होतं. खंड ठरवायला ते केलेलंच नव्हतं. सत्तरच्या दशकात बाजारातला खंड त्याहून बराच वर गेला होता. लीगने सांगितलं, ग्रिफिथइतकंच देऊ, वर एक पेनी नाही. हिशेब म्हणून हे चूक होतं. हत्यार म्हणून अचूक, कारण प्रत्येक कुळाच्या कराच्या पावतीवर तो आकडा छापलेलाच होता.

कार्लोच्या दोन्ही जागा होमरूलवाल्यांनी घेतल्या: डब्लिनच्या एका मोठ्या वृत्तपत्राचा मालक एडमंड ड्वायर ग्रे, आणि डोनाल्ड मॅकफार्लेन नावाचा स्कॉटिश व्यापारी. कॅव्हनाबरोबर त्याचा जोडीदार हेन्री ब्रुएनही पडला. दोघा विजेत्यांपैकी कोणीही कार्लोत एक झोपडीसुद्धा बांधली नव्हती. राजांच्या वंशजाला सोडून लोकांनी एका स्कॉट माणसाला मत दिलं, हे पचवणं कॅव्हनाला अवघड गेलं. कुळांनी आपल्याला फसवलं असं त्याला वाटलं. तोंडावर शब्द दिला आणि पेटीत उलट टाकलं, हे खरंच. पण ज्याच्या हातात नोटीस आहे तो दारात येऊन मत मागतो तेव्हा ‘नाही’ म्हणण्याची सोय कोणाला असते? त्या शब्दाची किंमत त्याला बारा वर्षं कळली नाही, कारण वहीने ती कधी तपासूच दिली नव्हती.

आयोग, आणि आकड्यांचं गणित

त्याच वर्षी सरकारने त्याला कार्लोचा लॉर्ड लेफ्टनंट, म्हणजे काउंटीतला राणीचा प्रतिनिधी, केलं आणि आयरिश जमीन कायद्याच्या चौकशीसाठी नेमलेल्या बेसबरो आयोगावर घेतलं. जानेवारी १८८१ मध्ये आयोगाने कुळांच्या तीन मागण्यांच्या बाजूने कौल दिला: वाजवी खंड, कायम कब्जा, हक्काची खुली विक्री. कॅव्हनाने वेगळा अहवाल जोडून विरोध नोंदवला. ऑगस्ट १८८१ चा कायदा या तीन मागण्यांवरच उभा राहिला. न्यायालय खंड ठरवणार, तो १५ वर्षं चालणार. पुण्याच्या तीस वर्षांच्या निम्मी मुदत, पण तत्त्व तेच: आकडा मालक ठरवणार नाही.

त्याचा विरोध नुसता हट्ट नव्हता. त्यामागे जमाखर्च होता. तो समजायला एक कल्पित इस्टेट घेऊ. खंडाची जमा १०० पौंड. आधीच्या पिढीच्या विधवेचं वर्षासन, धाकट्या भावंडांचे करारात लिहिलेले हिस्से आणि गहाणाचं व्याज मिळून ४०. गरीब-कराचा मालकाचा भाग आणि चर्चची पट्टी १०. कारभाऱ्याचे शेकडा पाच म्हणजे ५. हाती उरले ४५. न्यायालयांनी पहिल्या फेरीत खंड सरासरी सुमारे २० टक्क्यांनी उतरवले. म्हणजे जमा ८०. वर्षासन उतरत नाही, व्याज उतरत नाही, कर उतरत नाही. कारभाऱ्याचा एक पौंड वाचला. हाती २६. खंड पाचव्या हिश्शाने उतरला, पण मालकाचं उत्पन्न चाळीस टक्क्यांच्या वर घसरलं. घरबांधणी, निचरा, दुरुस्ती हा सगळा ‘चांगला’ खर्च याच ४५ मधून व्हायचा. म्हणून चांगला जमीनदार आधी मोडला. ज्याने कधी खर्चच केला नव्हता त्याला कापण्यासारखं फारसं नव्हतं.

१८८२ मध्ये कॅव्हनाच्या पुढाकाराने लँड कॉर्पोरेशन निघाली. कल्पना कागदावर ठाकठीक होती. कूळ काढलं की लीग त्या शेतावर बहिष्कार टाकते, नवं कूळ येत नाही, जमीन पडून राहते आणि मालक वाकतो. तेव्हा भागभांडवल जमवून कंपनीनेच अशी शेतं घ्यायची, गुरं सोडायची, बाहेरून माणसं आणून कसायची. अडचण खर्चात होती. गावचा लोहार नाल ठोकत नाही, दुकानदार पीठ देत नाही, बाजारात गुरांना गिऱ्हाईक नाही. प्रत्येक गोष्ट लांबून आणायची आणि वर पहारा. शेत पडीक ठेवण्याचा तोटा टाळायला शेत कसण्याचा तोटा सोसायचा, असा तो व्यवहार. काही ठिकाणी कंपनीने तग धरला, लगतच्या क्वीन्स काउंटीत लॉर्ड लॅन्सडाउनच्या लगाकरन इस्टेटीवरही तिने रिकामी शेतं घेतली. पण ओसाड झालेलं गाव चालवणं आणि इस्टेट चालवणं यांत फरक आहे. लगाकरनचा मालक १८८८ मध्ये व्हाइसरॉय होऊन कलकत्त्याला गेला.

शेवटच्या वर्षांत कॅव्हना जमीनदारांच्या आणि युनियनवाद्यांच्या, म्हणजे ब्रिटनशी एकत्र राहू पाहणाऱ्यांच्या, संघटनांत बुडून गेला. १८८६ मध्ये आयर्लंडच्या प्रिव्ही कौन्सिलवर आला. २५ डिसेंबर १८८९ ला न्यूमोनियाने तो लंडनमध्ये वारला, आणि त्याला बॉरिसजवळच्या घराण्याच्या दफनभूमीत पुरलं.

मुलं

एक मुलगा चार्ल्स सैन्यात गेला. थोरल्याला जमीन, धाकट्यांना पलटण किंवा चर्च, हा रिवाजच. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश घोडदळाच्या कोअरचं नेतृत्व करणारा लेफ्टनंट जनरल सर चार्ल्स कॅव्हना तो हाच. खुर्चीच्या खोगीरात जखडलेल्या बापाचा मुलगा घोडदळाचा सेनापती झाला.

इस्टेट थोरल्या वॉल्टरकडे आली. त्याने बापापेक्षा वेगळी बेरीज मांडली. १८९८ च्या कायद्याने निवडून आलेल्या काउंटी कौन्सिली झाल्या आणि मतदारयाद्या कुळांच्या हाती गेल्या. १९०३ च्या विंडहॅम कायद्याने मालकाला विकून मोकळं होण्याची वाट दिली. किंमत सरकार रोख देणार, वर १२ टक्के बोनस; कुळाने ती शेकडा सव्वातीन दराच्या वार्षिक हप्त्याने ६८½ वर्षांत फेडायची. हा हप्ता बहुतेक ठिकाणी आधीच्या खंडापेक्षा कमी बसायचा, म्हणून कूळ तयार. बोनसमुळे मालक तयार. आपल्याकडे १ एप्रिल १९५७ ला कूळ मालक झालं ते कायद्याच्या एका फटक्यात. आयर्लंडमध्ये तेच काम खजिन्याने पैसे मोजून केलं.

जमिनीवरचा वाद असा मिटत चालला होता, तेव्हा १९०८ मध्ये वॉल्टर मॅकमरो कॅव्हना कार्लो काउंटीतूनच पार्लमेंटवर गेला. आयरिश पार्लमेंटरी पार्टीचा, म्हणजे होमरूलवाल्यांचा, खासदार म्हणून. जानेवारी १९१० पर्यंत ती जागा त्याच्याकडे होती. बॉरिस हाउस आजही त्याच घराण्याकडे आहे.